चिकाची लाली

३ जानेवारी १९६०, रविवार

नवं वर्ष लागलं की रोजनिशी लिहायची असं दरवर्षी ठरवतो आणि संक्रांतीच्या आधी शाई वाळते. यंदा मात्र लिहिणं भाग आहे. पुढेमागे कोणी माझं चरित्र लिहायला घेतलंच, तर त्याने या दिवसांची हकिगत सौ.ला विचारून लिहू नये, एवढ्याचसाठी.

तर आधी नोंद. मी, रामनाथ सावे, राहणार नरपड, चिकूवाडीचा मालक. गेली अठरा वर्षं डहाणूच्या आमच्या नाट्यमंडळाची नायिका मीच आहे. राण्या केल्या, पतिव्रता केल्या, एकदा तर जुळ्या बहिणी दोन्ही मीच केल्या. मी स्टेजवर पदर सावरला की बायकांच्या बाजूला दहा पदर सावरले जात, असं लोक सांगतात. निदान सांगत असत.

सध्या सगळं गाव डहाणू महाराष्ट्रात राहणार की गुजरातेत जाणार यावर भांडतंय. माझ्यापुढचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. महिनाअखेर स्टेशनाजवळच्या मैदानात नाट्यस्पर्धा आहे आणि तिच्या पत्रकात छापलंय, ‘स्त्रीभूमिका शक्यतो स्त्रियांनीच कराव्यात.’ या ‘शक्यतो’वर मी सध्या उभा आहे.

आज तालमीला दौलत चुरी म्हणाला (नाटक त्यानेच लिहिलंय, बसवतोही तोच आणि नायकही तोच), “रामनाथ, आजवर पेट्रोमॅक्स होती, खपून गेलं. यंदा विजेचे दिवे आहेत. परवा तुझ्यावर दिवा टाकून पाहिला. तुझे ओठ वाळत घातलेल्या बोंबलासारखे दिसतात.”

मंडळाचा व्यवस्थापक सदू राऊत लगेच म्हणाला, “मुंबईहून नटी आणू या. माझ्या ओळखीची आहे.” सदूचं डहाणू रोडला किराण्याचं दुकान आहे. जगातली कोणतीही वस्तू मुंबईहून मागवता येते, अशी त्याची समजूत आहे.

शेवटी ठरलं ते असं: चोवीस तारखेच्या रंगीत तालमीत माझे ओठ अठरा वर्षांच्या मुलीसारखे ओले, चमकदार दिसले तर नायिका शालिनी मीच. नाहीतर नटी.

मी एकोणचाळीस वर्षांचा आहे. हे फक्त इथे लिहितोय.

५ जानेवारी, मंगळवार

इराण्याच्या हॉटेलात चहा घेताना भिंतीवरच्या कॅलेंडरातली बाई नीट पाहिली. तिच्या खालच्या ओठावर प्रकाशाचा एक ठिपका आहे. सगळी जादू त्या ठिपक्यात आहे. तसा ठिपका माझ्या ओठावर आला पाहिजे. तिसऱ्या चहानंतर इराण्याने विचारलं, “सावेशेठ, बाई पसंत असेल तर घेऊन जा ना कॅलेंडर, मागच्या सालचं आहे.” घेऊन आलो.

ते घरात टांगताना सौ. (कुसुम) म्हणाली, “ही कोण?” म्हटलं, “अभ्यास आहे.” ती मागच्या दारी गेली. तिला चिकूच्या करंड्या भरायची घाई होती, कारण संध्याकाळच्या गाडीने माल मुंबईला जायचा होता. बायकांना कामाची फार हौस. अर्थात वाडी, माल, दलाल, घरचं सगळं शेवटी मलाच पाहावं लागतं.

८ जानेवारी, शुक्रवार

लिपस्टिकवर व्हॅसलिन चोपडून पाहिलं. ठिपका आला! पण दिव्याखाली उभा राहिल्यावर चिलटंही आली. पहिल्या प्रवेशाअखेर माझ्या ओठांवर सात-आठ चिलटं चिकटली होती आणि एक पोटात गेलं होतं. दौलत म्हणाला, “प्रेमप्रवेशात मला तुझ्याकडे बघवत नाही.” मग मधाचा प्रयोग केला, तो मीच चाटून संपवला. ग्लिसरीनही गोडच निघालं. सवय वाईट.

घरी सौ. माझ्यासमोर बसून इतर पात्रांची वाक्यं वाचते, म्हणजे मला माझी पाठ करता येतात. आज मी अडखळलो तर तिने न बघता माझंच वाक्य म्हणून दाखवलं. म्हटलं, “तू तुझं वाच.” नायिकेच्या वाक्याला जे वजन लागतं ते तिला कुठून कळणार?

१२ जानेवारी, मंगळवार

सदूच्या शेजारच्या गुजराती दुकानदाराने उपाय सांगितला. म्हणाला, “दिवेल लगाडो शेठ, काचसारखं चमकेल.” दिवेल म्हणजे दिव्यात घालायचं काहीतरी तेल असेल म्हणून मी आनंदाने वाटीभर आणलं. ठिपका उत्तम. घट्ट, जाड, ओला. संपूर्ण तालीमभर पुन्हा पुन्हा लावलं. ओठ चाटायची सवय आहेच.

१३ जानेवारी, बुधवार

दिवेल म्हणजे एरंडेल. आज लिहायला सवड नाही. उठावं लागतंय.

१७ जानेवारी, रविवार

शोधणाऱ्याला मिळतंच. तीन दिवस वाडीत पडून होतो आणि डोळ्यांसमोर माझ्याच झाडांवर माझं उत्तर लोंबत होतं! वाडीत कामाला येणारी नवशी चिकू उतरवत होती. देठ तुटला की तिथे चिकाचा एक थेंब येतो, पांढरा, गोल. त्या थेंबावर ऊन पडलं आणि मला कॅलेंडरातल्या बाईचा ठिपका दिसला. तोच तो. शिवाय चीक म्हणजे चीक! चहाने जायचा नाही, घामाने जायचा नाही, चाटून तर मुळीच जायचा नाही.

नवशीला करवंटीत चीक गोळा करायला सांगितलं. ती म्हणाली, “चीक कशाला शेठ? पाखरं धरायला?”

म्हटलं, “बक्षीस धरायला.” ती इतकी हसली की शिडी हलली.

सौ. म्हणाली, “अहो, पोरं कच्चा चिकू खातात नि ओठाला ओठ चिकटतो, मग रडत येतात. ठाऊक नाही का तुम्हाला?” मी शांतपणे समजावलं की ती पोरं चिकात तेल घालत नाहीत. मी घालणार आहे. शास्त्र म्हणून काही असतं.

२० जानेवारी, बुधवार

चीक, खोबरेल, किंचित मेण आणि लिपस्टिकचा तुकडा. मंद आचेवर शिजवलं. सौ.ची दुधाची पातेली गेली, पण कलेला त्याग लागतो. मिश्रण ओठांवर ओढलं आणि आरशात पाहिलं. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. गेली कित्येक वर्षं आरशात मी एक पुरुष पाहत होतो, ज्याने बाईचं सोंग घेतलंय. आज तिथे शालिनी होती.

चाचणीही कडक घेतली. मिश्रण लावून दोन तास अखंड बोललो. सगळे संवाद म्हटले, मग सौ.ला अभिनयाचे प्रकार समजावले, मग डहाणू महाराष्ट्रात का राहिलं पाहिजे ते सांगितलं. ओठ एकदाही चिकटले नाहीत.

सौ. म्हणाली, “आता जरा गप्प बसून बघा ना.”

दिवसभर कष्ट करून आलेल्या माणसाशी बोलायची ही रीत आहे का? पण मी मनावर घेतलं नाही आणि बोलत राहिलो.

२४ जानेवारी, रविवार

रंगीत तालीम. दौलतने माझ्यावर दिवा टाकला, जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. मग म्हणाला, “च्यायला, रामनाथ.” एवढंच. सदूने मुंबईच्या नटीला तार केली, ‘येऊ नये.’ वेळ कमी म्हणून दौलतने स्वतःचं लांब भाषण आज गाळलं, तो थेट स्पर्धेतच करणार आहे.

मी जिंकलो. रात्रीच्या जेवणाला सौ.ने बोंबील केले होते. मुद्दाम की कसं, कोण जाणे.

१ फेब्रुवारी, सोमवार

काल स्पर्धा झाली. जे घडलं ते क्रमाने लिहितो.

आमचं नाटक ‘शालिनीचा निर्धार’. स्त्रीजातीच्या मुक्तीवर आहे. शालिनी वकिलाची बायको. नवरा तिला जन्मभर बोलू देत नाही, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती एकदम बोलते, ‘मला बोलू द्या!’ इथे नाटकाचा कळस आहे. त्याआधी वकिलाचं भाषण आहे. ते चालू असताना शालिनीने मान खाली घालून, ओठ घट्ट मिटून, अपमान गिळत उभं राहायचं.

दौलतने स्वतःसाठी भाषण लिहिताना हात आखडता घेतलेला नाही. टाळ्या पडल्या तर तो मनानेही भर घालतो. काल टाळ्या पडल्या. तो वाढवत गेला. वरून विजेचे दिवे भट्टीसारखे तापलेले. मी ओठ मिटून उभा. अशी मिटलेली शालिनी मी आयुष्यात उभी केली नव्हती.

भाषण संपलं. मी मान वर केली, श्वास घेतला आणि ‘मला बोलू द्या’ म्हणायला गेलो.

ओठ उघडेनात.

आधी वाटलं, विसरलोय. मग कळलं की विसरलो नाही, चिकटलोय. जोर केला. नाकातून “म्म्म” असा आवाज आला. सदू विंगेत पुस्तक घेऊन बसला होता, त्याने हळूच वाक्य दिलं. मग जरा मोठ्याने दिलं. मग इतक्या मोठ्याने दिलं की “मला बोलू द्या!” हे त्याच्या घोगऱ्या आवाजात अर्ध्या मैदानाने ऐकलं. कोणीतरी म्हणालं, “बोल की मग!” हशा पिकला.

माझी अठरा वर्षं त्या हशात बुडताना मी उभा राहून पाहत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग विंगेतून, माझ्या अगदी पाठीमागून, आवाज आला. “मला बोलू द्या.”

सौ. माझी रंगाची पेटी आणि तेलाची बाटली घेऊन तिथे उभी होती. तिच्या हातात पुस्तक नव्हतं. “मला बोलू द्या. इतकी वर्षं तुम्ही बोललात, मी ऐकलं.” मी प्रसंगावधान राखून प्रेक्षकांकडे तीन चतुर्थांश पाठ केली आणि हातवारे सुरू केले. हशा थांबला. ती पुढे बोलत गेली, मी पुढे हात हलवत गेलो. 

यानंतरची काही वाक्यं माझ्या प्रतीत नाहीत. जशी आठवतात तशी देतो: “पहाटे उठून करंड्या मी भरायच्या. गाडी चुकली तर स्टेशनात मी उभी. दलालाच्या तोंडाला तोंड मी द्यायचं. आणि चारचौघांत सांगायचं काय, तर घरचं सगळं हेच बघतात! मी नाही म्हणत नाही, बघतात. नुसते बघतातच! एकदा तरी विचारलंत का, की बाई, तुझं काय म्हणणं आहे?”

वकिलाच्या घरात करंड्या कुठून आल्या हे मला कळलं नाही. दौलतने आयत्या वेळी गावची चव घातली असावी. पण बायकांच्या बाजूला जे रडणं सुरू झालं, ते आवरेना. सदूची बायको गोदूबाई उभी राहून “खरं आहे गं बाई!” असं ओरडली, नि सदूच्या हातातलं पुस्तक पडलं. माझ्याही डोळ्यांतून धारा लागल्या. थोडं ओठांची साल ओढल्यामुळे होतं, पण सगळं त्यामुळे नव्हतं.

उत्कृष्ट स्त्रीभूमिकेचा चांदीचा पेला मला मिळाला. परीक्षकांतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “असा आवाज मी फार वर्षांत ऐकला नाही. दोन शब्द बोला.” मी विनयाने मान हलवली. ओठ तेव्हाही बंदच होते. ते हसले आणि सदूला म्हणाले, “पुढल्या खेपेला या पडद्यामागच्या नटीला पुढे आणा.”

किती मार्मिक! रंगाच्या पडद्यामागे लपलेला खरा कलावंत त्यांनी ओळखला.

घरी येऊन सौ.ने कोमट खोबरेल चोळून चोळून ओठ सोडवले. मला बोलता येऊ लागल्यावर ती म्हणाली, “काय म्हणायचं होतं एवढा वेळ?” मला काही आठवेना.

४ फेब्रुवारी, गुरुवार

झरी गावाहून नाटकाचं बोलावणं आलंय. आज सदू आणि दौलत दोघे घरी आले. मी नवी पैरण घातली, पेला समोर ठेवला. सदू म्हणाला, “वहिनी कुठे आहेत?” म्हटलं, चहा करतेय. तो म्हणाला, “चहा राहू दे. झरीला शालिनी कराल का, ते त्यांनाच विचारायला आलोय.”

मग त्याने सगळं स्वच्छ सांगितलं. पडद्यामागची नटी म्हणजे सौ. परीक्षकांना सगळं दिसत होतं. मैदानात पहिल्या चार रांगांना दिसत होतं. मला सोडून सगळ्या जगाला कळलं होतं.

“रामनाथ,” दौलत म्हणाला, “तुझे ओठ झकास होते. त्यावर कोणाचं काही म्हणणं नाही.”

मी पेला उचलून आतल्या फडताळात ठेवला. कशासाठी ठेवला, सांगता येणार नाही.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

सौ.ला विचारलं, “ते करंड्यांचं तू मनाने बोललीस?”

“हो.”

“कोणाला उद्देशून?”

“शालिनीच्या नवऱ्याला.” मग म्हणाली, “तुम्हाला लागलं का?”

नाही म्हणालो. लागलं होतं.

७ फेब्रुवारी, रविवार

मी परवानगी देणार नाही, असं आज स्पष्ट सांगितलं. घरंदाज बाई, दौलतची बायको म्हणून स्टेजवर उभी राहणार, लोक काय म्हणतील?

ती चिकू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “लग्न झाल्यापासून माझा नवरा लुगडं नेसून स्टेजवर नाचतोय. त्यावर लोक काय काय म्हणाले, ते मी ऐकलंय. विहिरीवर ऐकलं, बाजारात ऐकलं, तुमच्या बहिणीच्या लग्नात ऐकलं. तुम्हाला एका शब्दाने कधी सांगितलं नाही. आता माझ्यावर म्हणतील, ते तुम्ही ऐका.”

मी तिच्यासमोर बसलो. तिला म्हटलं, “तुला भीती नाही वाटत?”

“वाटते ना,” ती म्हणाली. “पण त्या दिवशी पहिलं वाक्य झालं आणि नंतर वाटलीच नाही. तुम्हालाही तसंच होतं का?”

अठरा वर्षांत माझ्या कामाबद्दल हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, हो, अगदी तसंच होतं. मग आम्ही बराच वेळ त्यावर बोललो. म्हणजे दोघंही बोललो.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

रोज तालीम. मी वकिलाची वाक्यं वाचतो, ती शालिनी म्हणते. तिला वाक्याला जोर कुठे द्यायचा ते सांगायला जातो, तर तिने दिलेला जोरच बरोबर असतो. मला तिचा हेवा वाटतो. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे चरित्रकाराला शोधत बसायला नको.

संध्याकाळच्या गाडीला करंड्या घेऊन आज मी गेलो. दलालाच्या माणसाने विचारलं, “बाई नाही आल्या? भाव तर त्यांच्याशी ठरलाय.” कसला भाव, ते मला ठाऊक नव्हतं. परत येऊन विचारलं.

२८ फेब्रुवारी, रविवार, झरी

शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. समोर मांडव आहे, पेट्रोमॅक्स पेटताहेत. आसपासच्या पाड्यांवरून माणसं चालत येताहेत. आमच्या नवशीचं माहेर इथलंच. ती सगळ्या बायकांना घेऊन पुढे बसलीय आणि ‘आमची बाई, आमची बाई’ असं सांगतेय.

मंडळाने मला रंगभूषा दिलीय. खरं सांगायचं तर तो सदूने शोधलेला मान आहे. आत्ता दोन अक्षरं लिहायला बाहेर आलो.

ती खुर्चीवर बसली होती. मी तिची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं. लग्नाला सतरा वर्षं झाली. इतक्या जवळून, इतक्या उजेडात मी तिच्या तोंडाकडे कधी पाहिलंच नव्हतं. ओठाच्या डाव्या कोपऱ्याला एक बारीक तीळ आहे. ती घाबरली होती. आणि मी पाहत होतो, आणि पाहताना आपण कसे दिसतोय याची मला एकदाही आठवण झाली नाही.

मी म्हणालो, “व्हॅसलिन आहे, दिवेल आहे. मेण घालून नवं मिश्रण केलंय, त्यात चीक नाही, शपथ. असा ठिपका येईल की शेवटच्या रांगेतून दिसेल. सांग, कोणतं लावू?”

तिने माझं मनगट धरून बाजूला केलं.

“साधंच लावा,” ती म्हणाली. “मला बोलायचंय.”